नर्सिंग होममधला ‘आपला माणूस’ नक्की कोणाचा?

समजा, अमेरिकेतल्या एका नर्सिंग होममध्ये (तिकडे म्हणजे छोटं रुग्णालय नव्हे, तर आजारी-वृद्ध माणसं राहतात आणि त्यांची देखभाल होते ती जागा) राहणाऱ्या आजींच्या हातात एक दिवस कागद पडतो: तुमचं बिल थकलंय, तीस दिवसांत खोली रिकामी करा. बिल थकलंय हे खरंच आहे. नर्सिंग होमचा खर्च वर्षाला लाख डॉलरच्या आसपास किंवा त्याहून वर जातो, आणि आजींची आयुष्यभराची शिल्लक दीड-दोन वर्षांत आटली. मग त्यांनी मेडिकेडसाठी, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी योजनेसाठी अर्ज केला. मेडिकेडवाले मागच्या पाच वर्षांतले पैशांचे व्यवहार तपासतात. त्यात एका जुन्या खात्याचा हिशेब लागेना, म्हणून अर्ज अडकला. मुलगा दुसऱ्या राज्यात, आजी व्हीलचेअरवर.

त्या नोटिशीवर एक फोन नंबर असतो. तो छापणं नर्सिंग होमला कायद्यानं भाग आहे, आणि नोटिशीची एक प्रतही त्या कार्यालयाला पाठवावी लागते. ते कार्यालय म्हणजे राज्याचं लॉन्ग-टर्म केअर ओम्बड्समन, अशा ठिकाणी राहणाऱ्यांच्या तक्रारी ऐकून त्यांच्या बाजूनं बोलणारं. आजी फोन लावतात. पलीकडची बाई सगळं ऐकून घेते आणि म्हणते, “काळजी करू नका, मी उद्या येते. तुमच्या परवानगीशिवाय मी कोणाशी काही बोलणार नाही.”

आता ही बाई ज्या खात्याचा पगार घेते, तेच खातं मेडिकेडचे अर्ज मंजूर-नामंजूर करत असेल तर? आजींसाठी भांडायचं म्हणजे तिला आपल्याच साहेबांच्या निर्णयाविरुद्ध अपील करायला मदत करावी लागणार. बाई सरळ असेल, धीट असेल, करेलही. पण प्रश्न तिच्या स्वभावाचा नाही. ती दोन दगडांवर पाय ठेवून उभी आहे आणि आजींना त्याचा पत्ताच नाही. हितसंबंध उघड करण्याचे नियम लिहिले गेले ते अशा परिस्थितीसाठी.

हे कार्यालय आलं कुठून

साठच्या दशकात मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) आणि मेडिकेड आल्यावर अमेरिकेत नर्सिंग होमचं पेव फुटलं. पाठोपाठ हेळसांडीच्या, आगी लागल्याच्या, औषधं देऊन गुंगीत ठेवल्याच्या बातम्याही आल्या. १९७१ मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी नर्सिंग होम सुधारण्यासाठी आठ कलमी कार्यक्रम जाहीर केला. त्यात रहिवाशांच्या तक्रारी ऐकणारा माणूस हवा ही कल्पना होती. १९७२ मध्ये मोजक्या राज्यांत प्रयोग सुरू झाले. १९७८ मध्ये ओल्डर अमेरिकन्स ॲक्ट या कायद्यात दुरुस्ती होऊन प्रत्येक राज्याला हा कार्यक्रम चालवणं सक्तीचं झालं. १९८१ मध्ये नर्सिंग होमसोबत छोटी निवासी केअर होमही त्याच्या कक्षेत आली. आज पन्नास राज्यं, राजधानी वॉशिंग्टन, पोर्तो रिको आणि ग्वाम असे त्रेपन्न कार्यक्रम चालतात. प्रत्येकाला एक प्रमुख असतो. त्याच्या हाताखाली पगारी माणसं आणि प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक असतात. देशात सुमारे पंधरा हजार नर्सिंग होम आणि त्यांत बारा लाखांच्या वर माणसं आहेत. असिस्टेड लिव्हिंगमध्ये, म्हणजे रोजच्या कामांत मदत मिळणाऱ्या निवासांत राहणारे वेगळे.

एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. ओम्बड्समन म्हटलं की आपल्याला लोकायुक्त आठवतो, नाहीतर बँकेची तक्रार ऐकणारा रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. ही माणसं मध्यस्थ किंवा पंच असतात. दोन्ही बाजू ऐकायच्या आणि कोण बरोबर ते सांगायचं, हे त्यांचं काम. नर्सिंग होमचा ओम्बड्समन पंच नाही. कायद्यानंच तो एका बाजूचा आहे, रहिवाशाच्या. रहिवाशाला काय हवंय ते विचारायचं आणि ते मिळवून द्यायचा प्रयत्न करायचा. आजींना जे हवंय ते त्याला स्वतःला शहाणपणाचं वाटलं नाही तरी. हे नीट ध्यानात घेतलं की पुढचे सगळे नियम उलगडतात. पंचाच्या बाबतीत आपण विचारतो, हा कोणा एकाकडे झुकलेला तर नाही ना? इथे उलटं आहे. याला झुकायचंच आहे, आणि एकाच दिशेला. त्या दिशेपासून त्याला दूर ओढणारं जे जे काही असेल, तो सगळा हितसंबंधांचा संघर्ष. ती ओढ लोभाची असो किंवा अगदी सद्हेतूची.

या माणसाला दंड ठोठावता येत नाही, परवाना रद्द करता येत नाही, नर्सिंग होमला टाळं लावता येत नाही. तो जाऊन बोलू शकतो, कागद मागू शकतो, अपिलाला मदत करू शकतो, आमदारांपुढे आणि पत्रकारांपुढे बोलू शकतो. बस. सगळी मदार विश्वासावर. पलंगावर पडलेल्या माणसानं दार लोटून घ्यायला सांगून हळू आवाजात “रात्रीची ती नर्स मला...” असं म्हणायला सुरुवात केली तरच पुढचं काही होऊ शकतं.

एका छताखाली काय काय चालू नये

ओम्बड्समनचं कार्यालय हवेत नसतं. बहुतेक राज्यांत ते ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या सरकारी खात्यात असतं, आणि ते खातं बऱ्याचदा आरोग्य व समाजसेवेच्या एखाद्या अगडबंब विभागाचा तुकडा असतं. काही राज्यांनी ते काम बाहेरच्या ना-नफा संस्थेला दिलंय. स्थानिक पातळीवर तर ते बऱ्याच ठिकाणी ज्येष्ठांना डबे, घरपोच मदत, सल्ला देणाऱ्या संस्थांच्या आवारात चालतं. म्हणजे एकाच इमारतीत, एकाच साहेबाच्या हाताखाली, नाना तऱ्हेची कामं.

१९९५ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या नामवंत संस्थेनं या कार्यक्रमाची सविस्तर पाहणी केली आणि साफ सांगितलं की जी खाती अमुक अमुक कामं करतात त्यांच्यात ओम्बड्समन असताच कामा नये. ती यादी आज केंद्राच्या नियमांत जवळजवळ तशीच्या तशी आहे. नियम २०१५ च्या फेब्रुवारीत जाहीर झाले आणि २०१६ च्या जुलैपासून लागू झाले. मधल्या काळात, २०१६ च्या एप्रिलमध्ये, संसदेनं मूळ कायद्यातही तशीच भर घातली. २०२४ मध्ये नियमांची पुन्हा डागडुजी झाली.

यादीतल्या काही गोष्टी कोणालाही पटतील. नर्सिंग होमची मालकी, त्यात गुंतवलेला किंवा कर्जाऊ दिलेला पैसा, नर्सिंग होमचालकांच्या संघटनेशी नातं, संस्थेच्या संचालक मंडळावर नर्सिंग होमचा मालक किंवा नोकर असणं. यावर कोणी वाद घालणार नाही.

गंमत पुढच्या कामांत आहे, कारण ती सगळी चांगली कामं आहेत.

परवाना आणि तपासणीचं घ्या. साध्या अकलेनं वाटतं की तपासणी अधिकारी आणि ओम्बड्समन एकाच छताखाली असले तर बरंच की, तक्रार आली की लगेच छापा. पण तपासणी अधिकाऱ्याचा प्रश्न असतो, नियम मोडला का? ओम्बड्समनचा प्रश्न असतो, आजींना काय हवंय? आजींना कदाचित फक्त एवढंच हवं असेल की रात्री बेल दाबल्यावर पंधरा मिनिटांत कोणीतरी यावं. त्यांना चौकशी नको असते. चौकशी आली की तक्रार कोणी केली हे दुसऱ्या दिवशी सगळ्या मजल्याला कळतं, आणि अंघोळ घालणारे हात तेच असतात. शिवाय तपासणीच नीट होत नसेल तर ते जाहीरपणे बोलून दाखवणं हेही ओम्बड्समनचं काम आहे. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याबद्दल, तेही एकाच साहेबासमोर, कोण बोलणार?

प्रौढ संरक्षण सेवा हे याहून अवघड प्रकरण. असहाय प्रौढांचा छळ, फसवणूक होत असेल तर त्यात पडणारी ही सरकारी यंत्रणा. हेतू उदात्त. समजा, एक आजोबा ओम्बड्समनला सांगतात की पुतण्या माझ्या खात्यातून पैसे काढतोय. पण पोलिसात जाऊ नका, भेटायला येणारा तेवढा एकच आहे. संरक्षण सेवेच्या माणसाला हे कळलं की त्याला चौकशी सुरू करावीच लागते, आजोबांना आवडो न आवडो. आजोबा सुरक्षित राहावेत ही त्याची जबाबदारी. ओम्बड्समनवर मात्र बंधन आहे की आजोबांच्या संमतीशिवाय त्यांची ओळख उघड करायची नाही. डॉक्टर, नर्स वगैरे अनेकांना छळाची माहिती कळवणं राज्यांच्या कायद्यांनी सक्तीचं आहे. ओम्बड्समनला केंद्राचा नियम त्यातून वेगळा काढतो. (संमती देण्याच्या अवस्थेत नसलेल्या माणसासाठी वेगळी वाट आहे, ती इथे बाजूला ठेवू.) दोघंही आजोबांचं भलंच पाहतात, पण भलं कशात हे एकाच्या बाबतीत कायदा ठरवतो आणि दुसऱ्याच्या बाबतीत आजोबा. एकच कर्मचारी सकाळी ही टोपी आणि दुपारी ती टोपी घालायला लागला तर आजोबांनी सकाळी सांगितलेलं दुपारी विसरायचं कसं? ज्या राज्यांत माणसांची आणि पैशांची चणचण आहे तिथे ही दोन कामं एकत्र करण्याचा मोह फार असतो. मला विचाराल तर सगळ्या यादीत सर्वांत फसवा संघर्ष हाच आहे, कारण यात कोणीच वाईट नसतं.

पालकत्वाचंही तसंच. ज्याला स्वतःचे निर्णय घेता येत नाहीत असं न्यायालयाला वाटतं त्याच्यासाठी पालक नेमला जातो, आणि काही संस्था हे काम सेवा म्हणून करतात. आता रहिवासी म्हणाला की मला हा पालक नको, माझं मला कळतं, तर त्याची बाजू मांडणार ओम्बड्समन. पण तोच त्या पालकसंस्थेच्या कार्यालयात बसत असेल तर?

यादीत अजूनही आहे: रहिवाशांना प्रत्यक्ष सेवा पुरवणं, कोणाला कुठली सेवा मिळावी याचं नियोजन करणं, नर्सिंग होमला सरकार किती दर देईल ते ठरवणं, मेडिकेडची पात्रता ठरवणं, प्रवेशाआधीची छाननी, आणि कोणाला घ्यायचं कोणाला काढायचं याचे निर्णय. आपल्या आजी यातल्या पात्रतेच्या खड्ड्यात पडल्या. रहिवाशांमध्ये दहातल्या सहांचा मुख्य आधार मेडिकेडच असतो, तेव्हा हा खड्डा कोपऱ्यातला नाही, भर रस्त्यातला आहे.

नुसतं सांगून सुटका नाही

१९९५ च्या पाहणीनं सांगितलं होतं, असं कार्यालय अशा खात्यात नकोच. कायद्यानं तेवढी सरसकट बंदी घातली नाही. घातली असती तर बऱ्याच राज्यांना कार्यालयांचं बिऱ्हाड हलवावं लागलं असतं, आणि तेवढी राजकीय ताकद कोणाकडे नव्हती. त्याऐवजी तीन पायऱ्या ठरल्या. संघर्ष कुठे आहे तो शोधा. तो केंद्राच्या वार्धक्यविषयक सहायक सचिवांना लेखी कळवा. आणि तो दूर करा, नाहीतर त्यावर असा उपाय करा की ओम्बड्समनचे हात बांधलेले राहणार नाहीत. तिसरी पायरी गाळली तर राज्याला कार्यक्रम चालवता येत नाही. शोधलेले संघर्ष आणि केलेले उपाय दरवर्षी राष्ट्रीय अहवाल प्रणालीत नोंदवावे लागतात. कोणाच्या तक्रारीतून केंद्राला एखादा संघर्ष कळला तर केंद्र राज्याकडून उपाययोजनेचा आराखडा मागवतं, आणि तो मंजूर व्हावा लागतो.

माझ्या मते, लोकांची सर्वांत जास्त गल्लत इथे होते. हितसंबंध जाहीर करणं म्हणजे गुन्हा कबूल करणं नव्हे, आणि गंगेत न्हाऊन पवित्र होणंही नव्हे. ‘आम्ही सांगितलंय की’ असं म्हणून फाइल बंद करता येत नाही. जाहीर केलं की उलट काम सुरू होतं.

उपाय म्हणजे नेमकं काय? दिसायला रूक्ष गोष्टी असतात. ओम्बड्समनचा फोन वेगळा, फाइली वेगळ्या, संगणकावरची नोंद वेगळी, आणि त्याला कुलूप. खात्याच्या सचिवालासुद्धा रहिवाशाचं नाव असलेली फाइल मागता येत नाही. ती कोणाला दाखवायची हे फक्त राज्याचा ओम्बड्समन ठरवतो. मेडिकेडचा अधिकारी आणि ओम्बड्समन यांचा वरिष्ठ एकच नसेल अशी उतरंड. मतभेद झाला तर काय करायचं याचा लेखी करार. आजींच्या प्रकरणात हे सगळं जागेवर असेल तर ती बाई निर्धास्तपणे अपिलाचा अर्ज भरून देऊ शकते, कारण तिची बढती त्या टेबलावर ठरत नाही.

काही संघर्षांवर मात्र उपायच नाही. राज्यानं हे काम बाहेर द्यायचं ठरवलं, तर नर्सिंग होमना परवाने देणाऱ्या किंवा त्यांची तपासणी करणाऱ्या संस्थेला, नर्सिंग होमच्या संघटनेला, किंवा ज्यांचा नर्सिंग होममध्ये पैसा आहे अशांना ते देताच येत नाही. तिथे कितीही कुलपं लावली तरी चालत नाही.

आणखी एक बारकावा आहे, जो फारसा बोलला जात नाही: वकील. ओम्बड्समनला कायद्याचा सल्ला लागतो आणि सरकारी कार्यालय म्हणून तो सहसा राज्याच्या महाधिवक्त्याकडून येतो. पण तोच महाधिवक्ता परवाना खात्याचाही वकील, मेडिकेड खात्याचाही वकील. मग ओम्बड्समननं त्या खात्यांविरुद्ध सल्ला मागायचा कोणाकडे? म्हणून नियमात लिहिलंय की राज्यानं ओम्बड्समनला पुरेसा आणि हितसंबंधांच्या संघर्षापासून मुक्त असा वकील मिळवून दिला पाहिजे.

माणसांचे धागेदोरे

इथवर संस्थांचं झालं. माणसाचं वेगळं, आणि ते आपल्याला अधिक ओळखीचं.

समजा, बँकेतून निवृत्त झालेल्या एक काकू मुलाकडे अमेरिकेत राहायला आल्या, कायमच्या. नातवंडं शाळेत गेली की दिवस खायला उठतो. कोणीतरी सांगितलं, नर्सिंग होममधल्या लोकांना भेटणाऱ्या स्वयंसेवकांची गरज आहे, गुजराती-मराठी-हिंदी येत असेल तर सोन्याहून पिवळं. काकूंनी नाव दिलं. प्रशिक्षणाआधी एक कागद पुढ्यात आला.

पहिला प्रश्न: तुमचा किंवा जवळच्या कुटुंबीयांपैकी कोणाचा नर्सिंग होममध्ये मालकीचा, चालवण्याचा किंवा गुंतवणुकीचा संबंध आहे का? मुलानं नर्सिंग होमच्या इमारती भाड्यानं देणाऱ्या एका कंपनीचे शेअर घेतलेत. शेअरही मोजले जातात, दिलेलं कर्जही. लिहायचं.

दुसरा: कोणी तिथे नोकरी करतं का, किंवा तिथून पैसे मिळतात का? सूनबाई नर्स आहेत. एका एजन्सीत. ती एजन्सी गावातल्या दोन नर्सिंग होमना रात्रपाळीसाठी नर्स पाठवते. सूनबाई म्हणतात, “आई, मी तिथली नोकर नाही, एजन्सीची आहे.” तरी लिहायचं. जवळचा कुटुंबीय म्हणजे एका घरात राहणारा कोणीही, किंवा ज्याच्याशी घट्ट नातं किंवा मोठा आर्थिक व्यवहार आहे असा नातेवाईक. सूनबाई पहिल्याच व्याख्येत बसतात.

तिसरा: ज्या नर्सिंग होममध्ये काम करणार, तिथे कुटुंबातलं कोणी राहतं का? विहीणबाई राहतात, आणि दर रविवारी काकू त्यांना भेटायला जातात. दुरून वाटतं, उलट चांगलंच, येणं-जाणं आहेच. पण विहीणबाईंच्या नर्सवर ओरडायची वेळ आली तर काकू कोणाच्या वतीनं ओरडणार? आणि शेजारच्या खोलीतल्या बाईंची तक्रार विहीणबाईंबद्दलच असली तर? व्याख्येनुसार नातं घट्ट आहे. लिहायचं.

चौथा: तिथल्या कोणा रहिवाशाच्या तुम्ही पालक आहात का, त्याच्या वतीनं पैशांचे किंवा उपचारांचे निर्णय घेता का? नाही. पाचवा: मागच्या बारा महिन्यांत तुम्ही कुठल्या नर्सिंग होममध्ये नोकरी केली का? नाही.

एवढं सगळं निघालं म्हणून काकूंना नारळ देत नाहीत. विहीणबाईंचं नर्सिंग होम त्यांना द्यायचं नाही, एजन्सीशी संबंध असलेली दोन द्यायची नाहीत, आणि शेअरचं काय करायचं ते राज्याच्या धोरणाप्रमाणे ठरवायचं. उरलेल्या ठिकाणी काकू खुशाल जाऊ शकतात. पण हा कागद एकदा भरला की संपला असं नाही. ठरावीक काळानं तो पुन्हा तपासला जातो. आयुष्य कुठे स्थिर असतं? सूनबाई नोकरी बदलतील, व्याही आजारी पडतील, मुलगा शेअर विकून दुसरे घेईल.

कार्यक्रमाच्या राज्यप्रमुखाला मात्र इतकी सवलत नाही. ज्याचा परवान्याच्या कामात थेट हात आहे, ज्याची नर्सिंग होममध्ये गुंतवणूक आहे, ज्यानं मागच्या बारा महिन्यांत तिथे नोकरी किंवा व्यवस्थापन केलंय, किंवा ज्याला मालकाकडून पैसे मिळतात, त्याला त्या खुर्चीवर बसवताच येत नाही. खालच्या माणसांच्या बाबतीत बारा महिन्यांची अट थोडी सैल आहे: शक्यतो घेऊ नका, घेतलंत तर उपाय करा. ते रास्तही आहे. ज्या बाईनं दहा वर्षं नर्सिंग होममध्ये काढलीत तिला औषधांच्या वहीत कुठे खोट असते ते डोळे मिटून सापडतं. अशा माणसाला कायमचं बाहेर ठेवणं परवडणार नाही.

मग राहतात भेटी. मोलाची भेटवस्तू नर्सिंग होमकडून घ्यायची नाही आणि रहिवाशाकडूनही नाही. व्यवस्थापकानं नाताळला पाठवलेला महागडा हॅम्पर परत करायला काकूंना काही वाटणार नाही. अवघड आहे ते आजींनी हातात ठेवलेली सोन्याची बांगडी परत करणं. आपल्यात वडीलधाऱ्यांनी दिलेलं नाकारत नाहीत. पण उद्या आजींच्या मुलानं विचारलं की बांगडी कुठे गेली, तर सगळा कार्यक्रमच बदनाम होतो. आणि शेजारच्या पलंगावरच्या, द्यायला काही नसलेल्या बाईला वाटतं, इथेही हात ओला करावा लागतो की काय. ओम्बड्समनच्या कामाशी संबंध नसलेली जुनी मैत्री किंवा नातं असेल तर नियम सूट देतो.

फ्लोरिडात काय झालं

हितसंबंध नेहमी शेअर आणि बांगड्यांच्या रूपात येत नाहीत. कधी ते राजकीय असतात. २०११ च्या सुरुवातीला फ्लोरिडाचे ओम्बड्समन होते ब्रायन ली. त्यांनी राज्यातल्या नर्सिंग होमना पत्र लिहून विचारलं की तुमचे खरे मालक कोण? ही माहिती उघड व्हावी अशी तरतूद २०१० च्या आरोग्य कायद्यात नुकतीच आली होती. नर्सिंग होमची मालकी बऱ्याचदा कंपनीच्या आत कंपनी अशी गुंडाळलेली असते, आणि दोष कोणाच्या माथी मारायचा ते कळत नाही. पत्रांचा गवगवा झाला. नवे गव्हर्नर रिक स्कॉट यांचं प्रशासन नुकतंच आलं होतं. फेब्रुवारीत ली यांना पायउतार व्हावं लागलं. त्यांचं कार्यालय राज्य सरकारच्याच खात्यात होतं, खुर्ची सरकारच्या मर्जीवर होती. नंतर केंद्राच्या वृद्धसेवा प्रशासनानं फ्लोरिडाच्या कार्यक्रमाची तपासणी केली आणि तिथला कारभार केंद्राच्या कायद्याला धरून नाही असा निष्कर्ष काढला.

यानंतर चार वर्षांनी आलेल्या नियमांत ओम्बड्समनच्या कामात ढवळाढवळ करायला आणि त्याच्यावर सूड उगवायला मनाई आहे, आणि त्याला सरकारच्या भूमिकेपेक्षा वेगळी भूमिका आमदारांपुढे आणि माध्यमांपुढे मांडण्याची मुभा आहे. तरी पगार कुठून येतो हा प्रश्न उरतोच. सरकारी खात्यातला ओम्बड्समन कागदावर कितीही स्वतंत्र असला, तरी पुढच्या वर्षी किती माणसं मिळणार हे तो ज्यांच्यावर टीका करतो त्यांच्याच टेबलावर ठरतं. बाहेरच्या ना-नफा संस्थेत तो असेल तर संस्थेचे देणगीदार कोण हे पाहावं लागतं.

मला खटकतं ते वेगळंच. ही सगळी उघड करण्याची यंत्रणा वरच्या दिशेनं जाते. स्वयंसेवक संस्थेला सांगतो, संस्था राज्याला, राज्य केंद्राला. ज्या आजींसाठी हे चाललंय त्यांच्या उशाशी तो कागद येत नाही. ओम्बड्समनचा वार्षिक अहवाल लोकांसाठी खुला असतो, पण नोटीस हातात घेऊन बसलेल्या माणसाला तो शोधायला कोण सांगणार?

आपल्याकडे, म्हणजे भारतात, २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण कायदा आहे. त्यात पोटगीच्या प्रकरणात ज्येष्ठाची इच्छा असेल तर न्यायाधिकरणापुढे त्याची बाजू मांडणारा निर्वाह अधिकारी आहे, आणि तो जिल्हा समाजकल्याण अधिकारी किंवा तशा दर्जाचा असतो. वृद्धाश्रमात राहणाऱ्याच्या बाजूनं उभं राहणारा असा वेगळा माणूस मात्र त्या कायद्यात नाही. त्यामुळे त्याचे हितसंबंध तपासायचा प्रश्नही आपल्याकडे अजून उद्भवलेला नाही.

अमेरिकेत ज्यांचे आई-वडील किंवा सासू-सासरे अशा ठिकाणी आहेत त्यांनी एवढं करावं. ओम्बड्समनचं नाव आणि नंबर नर्सिंग होममध्ये दिसेल अशा जागी लावलेला असतो. तो टिपून ठेवावा, वेळ येण्याआधीच. पहिल्या फोनवर दोन गोष्टी विचाराव्यात: तुमचं कार्यालय कोणत्या खात्यात किंवा संस्थेत आहे, आणि ती संस्था आणखी काय काय करते? यात संकोच वाटायचं कारण नाही. चांगला ओम्बड्समन या प्रश्नानं दुखावत नाही, तो सरळ सांगतो की मेडिकेडचा विभाग वरच्या मजल्यावर आहे, आमच्या फाइली त्यांना दिसत नाहीत, आणि तुमच्या अपिलात आम्ही त्यांच्याविरुद्ध बोलू. उत्तर गुळमुळीत आलं तर स्थानिक माणसाऐवजी थेट राज्याच्या ओम्बड्समनच्या कार्यालयाला फोन करता येतो. आणि संभाषण आईशी व्हायचं असेल तर फोन तिच्या हातात देऊन तुम्ही खोलीबाहेर जा. तिला तुमच्याबद्दलही काही सांगायचं असू शकतं.